जुन्या घडणीची बेस गिटार: कोणती घ्यावी आणि तिच्यात काय बदलावे?

मंद्रसप्तक

नमस्कार. दादर-परळ भागातील आम्ही काही हौशी वादक मिळून एक छोटा वाद्यवृंद चालवतो. १९६० आणि १९७० च्या दशकांतील हिंदी व मराठी चित्रपटगीते मूळ वाद्यमेळाच्या शक्य तितकी जवळ नेऊन वाजवावीत असा आमचा आग्रह असतो, आणि त्यात बेसची बाजू माझ्याकडे आहे. सध्या मी पाच तारांची, बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह सर्किटची आधुनिक बेस गिटार वाजवतो. वाद्य उत्तम आहे आणि नव्या गाण्यांना ते शोभते. परंतु जुन्या गाण्यात त्याच्या तारांची खणखण मेंडोलिन आणि अ‍ॅकॉर्डियनच्या जागेत घुसते आणि प्रत्येक स्वर गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळतो. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत बेसचा स्वर गोल, आखूड आणि किंचित दबलेला ऐकू येतो. ढोलकीच्या किंवा कोंगोच्या ठोक्याबरोबर तो उमटतो आणि पुढच्या ठोक्याआधी जागा मोकळी करतो. मला तसा स्वर हवा आहे, आणि इक्वलायझरवर कितीही फेरफार केले तरी तो हाती लागत नाही.

बदलांच्या खर्चासकट साठ हजारांच्या आसपास रक्कम मी बाजूला ठेवली आहे. माझ्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, स्क्वायर या फेंडरच्या उपकंपनीची क्लासिक व्हाइब मालिकेतील साठच्या दशकाच्या धाटणीची प्रिसिजन बेस. धोबीतलावच्या एका दुकानात ती मी हाताळली आणि आवडली. दुसरी, जपानमध्ये तयार झालेली एखादी वापरलेली गिटार परदेशी संकेतस्थळावरून मागवणे. तिसरी, बॉडी, नेक (दांडी), पिकअप (तारांची कंपने विजेच्या संदेशात बदलणारा भाग) असे सुटे भाग जमवून आपल्या मनाप्रमाणे वाद्य बांधून घेणे. त्याखेरीज नवा पिकअप, टोनच्या सर्किटासाठी जुन्या पद्धतीचा कपॅसिटर, कासवपाठीच्या नक्षीचा पिकगार्ड (बॉडीवरची संरक्षक पट्टी) आणि फिकट निळा नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) रंग, अशी बदलांची यादीही मनात आहे.

यातले काय आधी करावे, काय केले नाही तरी चालेल, आणि मुंबईच्या पावसाळ्यात असे वाद्य कसे टिकवावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चौथी तार

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण जुन्या गाण्यांतील बेसकडे इतक्या बारकाईने कान देणारे वादक फार थोडे आहेत. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ यांचे काम लक्षपूर्वक ऐकले, तर हे वाद्य केवळ तळ धरण्यासाठी नसून गाण्याची चाल पुढे नेण्यासाठी आहे हे ध्यानात येते. त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

आपली यादी मी उलटी केली असती. तिच्यात तारांचा उल्लेखच नाही, आणि आपल्याला हव्या असलेल्या स्वराचा सर्वांत मोठा वाटा तारांचाच आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली आणि १९५७ मध्ये तिला आजचा दुभागलेला पिकअप दिला, त्या काळात ही वाद्ये कारखान्यातून फ्लॅटवाउंड तारा लावूनच येत असत. या तारेवर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते. तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने बोटांचा खरखराट येत नाही, वरचे स्वरांश लवकर विरतात आणि मूळ स्वर पुढे येतो. आपण म्हणता ती खणखण राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या, तारांची आहे. त्या तारा आधुनिक वाद्यावर असोत किंवा साठ वर्षे जुन्या वाद्यावर, खणखण येणारच.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्रिजजवळचा, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या भागाजवळचा, फोम. जुन्या फेंडर वाद्यांवर ब्रिज झाकणारे क्रोमचे झाकण असे आणि त्याच्या आतल्या बाजूला फोमचा तुकडा चिकटवलेला असे. तो तारांना हलकेच टेकून स्वर आखूड करी. डेट्रॉइटचे बेसवादक जेम्स जेमरसन यांची १९६२ ची प्रिसिजन, तिच्यावरच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, झाकणाखालचा फोम आणि फक्त तर्जनीने तार छेडण्याची त्यांची पद्धत, या सगळ्यांचा मिळून तो प्रसिद्ध स्वर झाला होता. अमेरिकेच्याच बेसवादक कॅरल के पिकने वाजवत आणि तारांवर फेल्ट ठेवून स्वर दाबत. म्हणजे 'तो जुना स्वर' एकच नाही. आपल्या गाण्यात बोटाचा मऊ आघात आहे की पिकचा टोकदार, हे प्रत्येक गाण्याला कान देऊन ठरवावे लागेल. बोट कुठे पडते यानेही फार फरक पडतो. ब्रिजकडे वाजवले की स्वर कडक होतो. नेकच्या टोकाकडे सरकले की तोच स्वर भरदार आणि मऊ होतो.

आता खरेदीविषयी. आपण जी क्लासिक व्हाइब हाताळली तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशातून मागवलेली वापरलेली गिटार सुंदर निघू शकते, पण पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क धरल्यावर आपल्या रकमेत बदलांसाठी काही उरणार नाही. शिवाय पिळवटलेला नेक छायाचित्रात दिसत नाही. सुट्या भागांचे वाद्य बांधताना नेकचा खालचा भाग आणि बॉडीतील त्याची खाच एकमेकांत नेमके बसवावे लागतात, आणि ते काम अनुभवी हातानेच व्हायला हवे.

दुकानात पुन्हा जाल तेव्हा एकाच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी काढून दाखवायला सांगा. ब्रिजच्या बाजूने डोळा लावून नेकच्या दोन्ही कडा सरळ जातात का, हे पाहा. मग अ‍ॅम्प बंद ठेवून प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) वाजवा. या घडणीच्या बहुतेक गिटारींत सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर इतरांपेक्षा लवकर मरतो. तो किती लवकर मरतो, एवढ्या एका गोष्टीवरून दोन सारख्या दिसणाऱ्या गिटारींत निवड करता येते. रंग पाहून निवड करू नका.

तळमजला

जॅझ बेसचाही विचार व्हावा असे सुचवतो. १९६० पासून ती आहे, म्हणजे आपल्या गाण्यांच्या काळातलीच. नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) तिचा नेक सुमारे ३८ मिलिमीटर असतो, प्रिसिजनच्या या नमुन्याचा सुमारे ४२ मिलिमीटर. दोन पिकअप असल्याने एकाच वाद्यातून अनेक तऱ्हेचे स्वर काढता येतात. माझा हात लहान आहे आणि मला तिच्यावरच आराम वाटतो.

ओहमचा नियम

तळमजला यांच्या सूचनेत तथ्य आहे, आणि हाताच्या मापाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तरीही प्रश्नकर्त्याचा उपयोग पाहता मी प्रिसिजनच्याच बाजूने बोलेन. तिच्या पिकअपचे दोन अर्धे भाग दोन-दोन तारांखाली असतात आणि त्यांची गुंडाळी व चुंबकाची दिशा एकमेकांच्या विरुद्ध असते. त्यामुळे बाहेरून येणारी विजेची गुणगुण दोन्ही भागांत उलटसुलट येऊन आपोआप रद्द होते. जॅझ बेसमध्ये ही सोय दोन्ही पिकअपचा आवाज सारखा ठेवला तरच मिळते; एक कमी केला की गुणगुण सुरू. आपल्या नाट्यगृहांत रंगमंचावरच्या दिव्यांचे डिमर आणि साउंडच्या वायरी एकाच विंगेतून जातात, तेव्हा हा फरक फार जाणवतो.

कपॅसिटरविषयी बरेच गैरसमज आहेत, म्हणून जरा तपशिलात सांगतो. प्रिसिजनचे सर्किट अगदी साधे आहे: २५० किलोओहमचा एक व्हॉल्यूम पॉट (कळीमागचा बदलता रोध), तेवढाच एक टोन पॉट आणि एक कपॅसिटर. जुन्या प्रिसिजनमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येत असे, आजकाल साधारण ०.०४७ चा असतो. टोनची कळ पूर्ण उघडी असताना कपॅसिटरच्या वाटेत संपूर्ण २५० किलोओहमचा रोध असतो, म्हणून तिथे दोहोंत जवळजवळ काहीच फरक ऐकू येत नाही. कळ बंद करत नेली की ०.१ चा कपॅसिटर जास्त खालपर्यंतचे स्वरांश जमिनीकडे (सर्किटच्या ग्राउंडकडे) वळवतो आणि स्वर अधिक मऊ, गडद होतो. आपल्याला तेच हवे असल्याने हा बदल जरूर करा. मात्र फरक पडतो तो आकड्याने. कागद-तेलाचा जुना महागडा कपॅसिटर आणि लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांना मिळणारा साधा फिल्म कपॅसिटर यांचे मोजलेले मूल्य सारखे असेल, तर स्वरही सारखाच येईल. विकत घेताना मल्टिमीटरने मूल्य मोजून घ्यावे, कारण छापील आकड्यापासून थोडाफार फरक असतोच.

पॉट बदलण्याची घाई नको. आशियात तयार होणाऱ्या स्वस्त वाद्यांत पुष्कळदा लहान पॉट असतात. अमेरिकी पूर्ण आकाराच्या पॉटची मान ३/८ इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाडीची असते आणि लहान पॉटची साधारण सात. म्हणजे पिकगार्डचे भोक मोठे करावे लागते. पिकगार्ड बदलणारच असाल तर आधी पॉट ठरवा, मग पिकगार्ड मागवा. त्याच्या स्क्रूच्या भोकांची रचनाही जुळवून पाहा, कारण पन्नासच्या दशकातल्या नमुन्याची रचना साठच्या दशकातल्यापेक्षा वेगळी आहे.

पिकअप शेवटी. या मालिकेत अल्निको चुंबकांचाच पिकअप येतो. फ्लॅटवाउंड तारा लावून, टोन अर्ध्यावर आणून आणि पिकअपचे स्क्रू थोडे फिरवून त्याला तारांपासून जरा खाली नेऊन एक-दोन कार्यक्रम वाजवा. त्यानंतरही काही खटकले तरच नव्या पिकअपवर पैसे घाला. जुन्या धाटणीचा घ्यायचा तर साधारण १० ते ११ किलोओहम रोधाचा पाहावा. त्याहून बराच जास्त गुंडाळलेला पिकअप जोरकस वाजतो, पण स्वभावाने तो आधुनिकच.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही पण आपल्याला नक्की भेडसावेल. अ‍ॅक्टिव्ह गिटार थेट मिक्सरमध्ये लावली तरी निभावते, कारण तिच्यातील सर्किट तो भार सहन करते. प्रिसिजन पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीच्या सर्किटाविना, आहे. तिला दहा-वीस किलोओहमच्या साध्या लाइन इनपुटमध्ये लावले तर स्वर मलूल आणि बोथट होतो, आणि दोष वाद्याचा आहे असे वाटू लागते. १ मेगाओहम किंवा त्याच्या जवळपास इनपुट असलेला अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा संदेश मिक्सरला जोडण्याजोगा करणारी छोटी पेटी) स्वतःजवळ ठेवा आणि प्रत्येक सभागृहात तोच वापरा. नव्या पिकअपपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

लाकूडकाम

तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून नेक, नट आणि रंग यांबद्दलच लिहितो. चौथी तार यांनी तारांविषयी जे लिहिले ते मान्य आहे. फक्त जेमरसन वापरत तसला ५२ ते ११० जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) संच कृपया लावू नये. त्याचा ताण फार असतो, नेक पुढे ओढला जातो, आणि १०५ च्या तारेसाठी कापलेल्या नटच्या खाचेत ११० ची तार बसत नाही, वरच अडकून राहते. ४५ ते १०० किंवा ४५ ते १०५ चा, ३४ इंची लांबीसाठीचा फ्लॅटवाउंड संच पुरेसा आहे. तोही बहुतेक राउंडवाउंड संचांपेक्षा घट्ट असतो, त्यामुळे तारा बदलल्यावर ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा बाक सांभाळणारा गज) पाहावाच लागतो.

तो असा पाहावा. स्वर जुळवून घेतल्यावर सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर, अशी दोन्हीकडे दाबून धरावी आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंतची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. या घडणीच्या नेकसाठी ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावी. जास्त असेल तर रॉडचा नट पाव फेरा आवळून गिटार रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी पुन्हा मोजावी. एका बैठकीत दोन-तीन फेरे देणे म्हणजे रॉड तुटण्याला आमंत्रण. त्यानंतर सतराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड बाजूला सुमारे २.४ आणि बारीक बाजूला सुमारे २ मिलिमीटर ठेवावी. फोम लावून वाजवणार असाल तर उंची किंचित वाढवली तरी हरकत नाही, स्वर भरीव येतो. खरेदी करताना रॉडचा नट कोणत्या टोकाला आहे हेही पाहून घ्या. काटेकोर जुन्या घडणीच्या वाद्यांत तो नेकच्या खालच्या टोकाला असतो आणि त्याला हात घालण्यासाठी नेक सैल करावा किंवा उतरवावा लागतो. आपल्याकडे वर्षातून दोनदा, पाऊस सुरू झाल्यावर आणि थंडीत हवा कोरडी झाल्यावर, हे काम निघते. तेव्हा हेडस्टॉककडून, म्हणजे नेकच्या वरच्या खुंट्यांच्या टोकाकडून, फिरवता येणारा रॉड फार सोयीचा.

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. फिंगरबोर्डचे (नेकवरच्या बोटे दाबायच्या पट्टीचे) लाकूड तेवढा ओलावा पितेच. फेंडर आपल्या जुन्या वाद्यांना १९५९ पासून शिसवाच्या जातीचे लाकूड लावत असे. त्या जातींच्या व्यापारावर जानेवारी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली. दरम्यान स्क्वायरने इंडियन लॉरेल, म्हणजे आपल्या सह्याद्रीत उगवणारा ऐन, वापरायला सुरुवात केली आणि क्लासिक व्हाइबवर आजही तोच आहे. ऐन चिवट लाकूड आहे, त्याबद्दल मनात शंका ठेवू नये. गिटार भिंतीवर उघडी टांगण्याऐवजी केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी आणि त्या पुड्या अधूनमधून तव्यावर गरम करून सुकवाव्यात. कार्यक्रमानंतर घामाचा हात फिरलेल्या तारा कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात. फ्लॅटवाउंड तारा वर्षानुवर्षे टिकतात, पण गंज धरला तर त्यांचा गुळगुळीतपणाच जातो.

आता रंग. याबाबत मी आपल्याला परावृत्त करणार आहे. क्लासिक व्हाइबवर पॉलियुरेथेनचा जाड थर असतो. नायट्रोसाठी तो उतरवावा किंवा घासून खडबडीत तरी करावा लागतो, आणि त्या कष्टात बॉडीच्या कडांचा गोलावा बिघडण्याची शक्यता मोठी. दमट हवेत नायट्रो मारला तर द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतले पाणी थरात अडकते आणि रंगावर दुधाळ पांढरट छटा येते. फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर पावसात काम घेत नाहीत ते याच कारणाने. पुढे रंग पूर्ण वाळायला आठवडे लागतात, आणि वाळल्यावरही स्टँडच्या साध्या रबराने तो खराब होतो. एवढे करून स्वरात फरक काय, तर इलेक्ट्रिक बेसवर ऐकू येण्याजोगा नाही. फिकट निळाच हवा असेल तर कारखान्यातून त्या रंगात आलेली गिटार मिळेपर्यंत थांबा. कासवपाठीचा पिकगार्ड मात्र अवश्य लावा. काम स्क्रू काढण्या-घालण्याचे आहे आणि वाद्याचे रूप एकदम पालटते.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, स्क्रूसकट, नाव लिहिलेल्या पाकिटात जपून ठेवा. बॉडीत नवे भोक किंवा नवी खाच पाडू नका. पुढेमागे वाद्य विकायचे झाले तर ते मूळ रूपात परत आणता आले पाहिजे.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. ठरले: क्लासिक व्हाइब प्रिसिजन, ४५ ते १०५ च्या फ्लॅटवाउंड तारा, नट आणि नेकचे काम कारागिराकडून, ०.१ चा कपॅसिटर, पिकगार्ड आणि डीआय बॉक्स. रंगाचा विचार सोडला. पिकअपचे पुढच्या वर्षी पाहीन. एकच शंका उरली आहे. या वाद्याबरोबर ब्रिजचे झाकण मिळाले नाही, तर फोम कसा बसवावा? तारांखाली ठेवला तर चालतो का?

चौथी तार

चालतो, आणि बरेच वादक तसेच करतात. भांडी घासायच्या स्पंजचा मऊ, पिवळा भाग घ्या. हिरवा खरखरीत थर कापून टाका. ब्रिजच्या सॅडलना (तारा ज्यांवर टेकतात त्या तुकड्यांना) अगदी लागून, चारही तारांखाली बसेल अशी सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापा. तिची जाडी बॉडीपासून तारेपर्यंतच्या अंतरापेक्षा अगदी थोडी जास्त असावी, म्हणजे ती तारांना टेकेल पण वर उचलणार नाही. दाब जास्त झाला तर स्वर ठोकळ्यासारखा होतो आणि सूरही किंचित चढतो, म्हणून फोम बसवल्यावर ट्यूनरने बाराव्या फ्रेटचा स्वर पुन्हा तपासा.

बारीक तारा जाड तारांपेक्षा लवकर दबतात. सगळीकडे सारखी जाडी ठेवली तर खालचे स्वर रेंगाळतात आणि वरचे एकदम तुटतात. त्यासाठी पट्टी बारीक तारेच्या बाजूला तिरकी छाटा, अगदी एक-दीड मिलिमीटरने, आणि चारही तारांवर एकच स्वरावली वाजवत ऐकून घ्या. सरावासाठी दोन पट्ट्या करून ठेवा, एक मऊ आणि एक जरा घट्ट. संथ भावगीताला पहिली आणि झपाट्याच्या क्लब-गाण्याला दुसरी. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदन चालू असताना त्या सहज बदलता येतात.